गाडीचा मॅप मारण्याआधी लॉग मागा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

संपादक साहेब, परवा आपल्या पेपरात फटाका सायलेन्सरवाल्या बुलेटवर कारवाईची बातमी वाचली, बरं वाटलं, कॉलेज रोडला घर असलेल्या कुणालाही विचारा रात्री अकरानंतर काय चालतं ते. पण त्याच बातमीत शेवटी एक ओळ होती की आता रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाड्यांवरही कारवाई होणार, आणि बातमी तिथेच संपली. रिमॅप म्हणजे नेमकं काय, ते कधी ठीक आणि कधी नाही, कोणी करावं कोणी करू नये, यावर एक अक्षर नाही. सायलेन्सर अख्ख्या गल्लीला ऐकू जातो, रिमॅप बाहेरून दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यामुळे दोन्ही एकाच ओळीत टाकलं की पोरं बातमी वाचून सोडून देतात आणि रविवारी जाऊन मॅप मारून येतात. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण छापावं ही विनंती.

माझं अंबड लिंक रोडला गॅरेज आहे. सुरुवात डिझेल पंप आणि नोझलच्या कामापासून केली, नाशकात हे काम शिकवणाऱ्यांची कमी कधीच नव्हती, बॉशच्या इथल्या नोझलच्या कारखान्याला जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात आणि मायको सर्कल हे नाव तर आता कुणी बदलूच शकत नाही. आता मात्र निम्म्याहून जास्त काम टर्बो पेट्रोलचं येतं कारण बाजारात गाड्याच तशा आल्यात, एक लिटरचं तीन सिलेंडरचं इंजिन आणि त्यावर टर्बो. आणि या गाड्या घेणाऱ्यांत ट्यून, म्हणजे हाच रिमॅप, करायची हौस भरपूर आहे. मी ट्यूनच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो. नीट केलेली ट्यून गाडीला खरंच बदलते, घाटात ओव्हरटेक करताना दोन गिअर खाली यावं लागत नाही, ट्रकच्या मागे अडकून जीव मुठीत धरावा लागत नाही. लॉग म्हणजे गाडी पळताना इंजिनाचे आकडे स्कॅनरने नोंदवून घेतलेला तक्ता. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या ट्यूनला आधीचा लॉग नाही आणि नंतरचा लॉग नाही ती ट्यून घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे, करणारा मित्राचा मित्र असू दे, इन्स्टावर त्याचे कितीही रील्स असू दे.

आधी थोडं समजावून सांगतो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरणारा पंखा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला अजून एक पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. छोट्या गाड्यांचे टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातात आणि पेट्रोल गाडीत तो धूर फुल लोडला ९०० डिग्रीच्या पुढेही तापू शकतो. हवा जास्त भरली की पेट्रोल जास्त जाळता येतं, ताकद वाढते. हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क नेमका कधी द्यायचा हे सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो, त्याच्या आत आकड्यांचे तक्ते असतात, त्या तक्त्यांनाच मॅप म्हणतात. ट्यून करणं म्हणजे लॅपटॉप लावून ते तक्ते बदलणं. पान्हा लागत नाही, बहुतेक गाड्यांचं इंजिन उघडावं लागत नाही, अर्ध्या-पाऊण तासात गाडी हातात, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की गाडीला तसं काही केलेलंच नाही.

मग कंपनी आधीच का देत नाही ही ताकद, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर आपल्या नाशकातच आहे. थार इथेच महिंद्राच्या प्लांटला बनते. तिचं २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सला ३०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं आणि ऑटोमॅटिकला ३२०, ताकद दोन्हीकडे १५० पीएसच्या आसपास, पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच. त्याच घराण्यातलं २ लिटर इंजिन एक्सयूव्ही ७०० मध्ये २०० पीएस देतं. स्कॉर्पिओ एनच्या डिझेलचंही तेच, खालच्या मॉडेलला १३२ पीएस आणि वरच्या मॉडेलला १७५, त्यातही मॅन्युअलला ३७० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकला ४००. म्हणजे इंजिन एकाच घरातलं असलं तरी आकडा कुठे थांबवायचा हे गिअरबॉक्स, क्लच, टर्बोचा साइज, गाडीची किंमत, धुराचे नियम असं सगळं बघून कंपनी ठरवते. शिवाय एकच गाडी जैसलमेरलाही विकायची असते आणि लेहलाही, कुणी ऑइल वेळेवर बदलतं कुणी बदलत नाही, पेट्रोल कुठलंही भरतात, या सगळ्यांना पुरेल एवढी जागा मॅपमध्ये सोडलेली असते. ट्यून करणारा तीच जागा वापरतो. ती जागा असते हे खरं आहे, पण तुमच्या गाडीत आज ती किती शिल्लक आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायचं काम फार थोडे लोक करतात.

नाशिकच्या हिशेबाने एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण ती मुंबई-पुण्याचे ट्यूनर इथल्या पोरांना सांगत नाहीत. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार असतो, नाशिक ६०० मीटरच्या आसपास उंचीवर, इथे तो ९४० च्या घरात असतो. आता समजा मॅपमध्ये इंजिनाला २००० मिलिबार हवा हवी असं लिहिलंय, तर मुंबईत टर्बोला हवा १.९७ पट दाबावी लागते आणि इथे २.१३ पट. ऐकायला फरक छोटा वाटतो पण स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ मॅपला टर्बोकडे आराम असतो, ट्यूनच्या मॅपला तो आधीच शेवटच्या टोकाला असतो, तिथे हा फरक टर्बोला जास्त फिरवतो आणि हवा जास्त तापवतो. त्यात आपला एप्रिल-मे, पारा चाळीसच्या वर. इंटरकूलर हवा थंड करतो पण बाहेरचीच हवा भट्टीतली असेल तर तो तरी किती करणार. म्हणून मी म्हणतो की डिसेंबरच्या थंडीत काढलेला लॉग बघून समाधान मानू नका, उन्हाळ्यात पुन्हा काढा.

आणि फाईल येते कुठून हेही लोकांना माहीत नसतं. बऱ्याच ठिकाणी इथला माणूस फक्त गाडीचा ईसीयू वाचतो, ती फाईल नेटवरून बाहेर पाठवतो, तिकडे कुणीतरी ती बदलतं, परत येते, हा गाडीत टाकतो आणि पैसे घेतो. बदलणाऱ्याने तुमची गाडी कधी पाहिलेलीच नसते. फाईल वाईट असते असं नाही म्हणत मी, बऱ्याचदा चांगली असते, चांगल्या कंपन्यांच्या फाईली खूप गाड्यांवर तपासलेल्या असतात. पण ती तब्येतीने ठणठणीत गाडी गृहीत धरून बनवलेली असते, आणि तुमची गाडी ठणठणीत आहे का हे बघायची जबाबदारी त्या लॅपटॉपवाल्याची, जो बोनेटसुद्धा उघडत नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. पाथर्डी फाट्याकडचा एक पोरगा, एक लिटर टर्बो पेट्रोल, गाडी दोन वर्षांची, व्यवस्थित वापरलेली, बाहेरून आलेल्या कुणाकडून एका पार्किंगमध्ये मॅप मारून घेतलेला. शहरात गाडी मस्त पळत होती, पोरगा खूश. मग घरचे पाच जण आणि सामान घेऊन मुंबईहून येताना कसारा घाटात दुपारी एसी चालू असताना गाडी झटके मारायला लागली, इंजिनची लाइट पेटून लुकलुकायला लागली. बाजूला घेतली, थांबले, हळूहळू घरी आले, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. स्कॅनर लावला, कोड आला पी ०३०२, दुसऱ्या सिलेंडरला मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नव्हतं. प्लग काढले. एक आणि तीन बरे होते. दुसऱ्या प्लगच्या पांढऱ्या भागावर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके, आणि उन्हात तिरका धरून भिंगातून बघितला तर त्या ठिपक्यांत दोन-तीन चमकणारे कण. हे चमकणारे कण म्हणजे ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टनचा. पोराला भिंग दिलं आणि दाखवलं, त्याचा चेहरा उतरला.

मग लॉग काढला. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, जेवढा मागितला जातोय तेवढा वेळेवर मिळत नव्हता, वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बोच्या बाजूने सोडून देणारी झडप, पूर्ण बंद करून टर्बो जीव तोडून फिरत होता, आत जाणारी हवा तापत होती, आणि साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे दुसऱ्या सिलेंडरच्या स्पार्कचा टायमिंग ईसीयू सारखा मागे खेचत होता, म्हणजे नॉकिंग, मिश्रण अवेळी आपोआप पेटून फटके बसणं, होत होती आणि ईसीयू बिचारा सांभाळायचा प्रयत्न करत होता. स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर सोडून गळती शोधायची तपासणी, केली तर इंटरकूलरच्या होजची क्लिप ढिली, धूर तिथून बाहेर. स्टॉक मॅपला ही गळती कळलीही नसती, टर्बोने थोडी जास्त मेहनत करून भरून काढली असती. ट्यूनच्या मॅपवर तीच गळती पिस्टनपर्यंत गेली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडर किती दाब धरतात ते बघितलं, नशिबाने तिन्ही सिलेंडर सारखे आले, हेड उघडायची वेळ आली नाही. क्लिप बदलली, प्लग बदलले, आणि म्हटलं आधी गाडी स्टॉकला आणू, तर मूळ फाईलच नव्हती. ज्याने मॅप मारला त्याने ती पोराला दिलीच नव्हती आणि आता फोन उचलत नव्हता. शेवटी सर्व्हिस सेंटरला जाऊन कंपनीचं सॉफ्टवेअर परत टाकून घ्यावं लागलं, आणि वॉरंटीचे प्रश्न सुरू झाले ते वेगळेच.

मुद्दा असा की मॅप मारण्याआधी दहा मिनिटं लॉग काढला असता तर ही गळती तेव्हाच दिसली असती. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट या दोन रेषा एकमेकींपासून लांब दिसल्या असत्या आणि कुठलाही जाणता माणूस म्हणाला असता, आधी ही दुरुस्त कर, मग ये.

लॉग काढायला काही मोठं लागत नाही. गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या ओबीडी सॉकेटला चांगला स्कॅनर किंवा अडॅप्टर लावायचा, डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर असेल तर उत्तमच, नसेल तर मोकळ्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला खालच्या आरपीएमपासून एकदा पूर्ण ॲक्सिलरेटर, स्पीड लिमिटच्या आत, शेजारी दुसरा माणूस लॅपटॉप घेऊन बसलेला. गंगापूर रोडला रात्री जाऊन असले प्रकार करू नका, तिथे जॉगिंगपार्कहून परतणारी माणसं असतात. लॉगमध्ये बघायचं काय तर बूस्ट मागितलेला आणि मिळालेला, वेस्टगेट किती टक्क्यांवर आहे, प्रत्येक सिलेंडरचा टायमिंग किती मागे खेचला जातोय, लॅम्बडा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, आणि डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये सोडणारी गाडी असेल तर हाय प्रेशर पंपाचा दाब. वेस्टगेट सतत शंभर टक्क्यांच्या, म्हणजे पूर्ण बंदच्या जवळ असेल तर टर्बोकडे आता काही शिल्लक नाही. टायमिंग एखादी डिग्री इकडेतिकडे क्षणभर खेचला गेला तर माझ्या हिशेबाने चालतं, पण एकच सिलेंडर दरवेळी चार-पाच डिग्री मागे जात असेल तर तिथे थांबा. वरच्या आरपीएमला पंपाचा दाब खाली येत असेल तर फाईल पंपाच्या पुढे गेलीय. एवढं वाचता आलं की पुरे, यात इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

पेट्रोलचं बोलायलाच हवं कारण ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून रोज कुणीतरी विचारतं. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला टिकायची ताकद, पेट्रोलपेक्षा बराच जास्त, त्यामुळे नॉकिंगच्या बाबतीत तो मदतच करतो, हे खरं. पण त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच, आणि जाळायला त्याला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं, शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, इथेनॉलला ९ ला एक, म्हणजे ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणून ॲव्हरेज पडतं, आणि म्हणूनच ट्यून केलेल्या गाडीत तोच पंप आणि तेच इंजेक्टर आता जास्त माल पाठवायला लागतात. ई२० येण्याआधी लिहिलेली जुनी फाईल आज कुणी टाकत असेल तर पंपाचा दाब बघितल्याशिवाय टाकू देऊ नका. दुसरं, फाईल ९५ किंवा त्याच्या वरच्या ऑक्टेनसाठी लिहिलेली असेल तर कायम तेच भरा. नाशकात एक्सपी ९५, म्हणजे ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं आणि मालेगावला जाताना मध्येच कुठेतरी कॅनमधलं काहीतरी टाकायचं, आणि मग राहूड घाटात पाय दाबायचा, असं करणारे मी बघितलेत.

ऑइलचंही तसंच. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमला जोरात लोड दिला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटायचा प्रकार होतो, त्याला एलएसपीआय म्हणतात, एका फटक्यात पिस्टन फुटू शकतो. एपीआय या अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेने २०२० मध्ये एसपी नावाचं जे ऑइलचं स्टँडर्ड आणलं त्यात याच्यासाठी वेगळी टेस्ट आहे. डब्यावर एसपी लिहिलेलं बघून आणि कंपनीने सांगितलेला ग्रेड बघून घ्या, आणि ट्यून असेल तर कंपनीच्या किलोमीटरच्या निम्म्यावर बदला. पाचव्या-सहाव्या गिअरला पंधराशे आरपीएमवर पाय खाली दाबायची सवय सोडा, खालचा गिअर टाका, गिअर त्यासाठीच दिलेत.

गिअरबॉक्स लोक पूर्ण विसरतात. फोक्सवॅगन-स्कोडाची सात स्पीडची, दोन ड्राय क्लचवाली ऑटोमॅटिक डीएसजी जिला डीक्यू२०० म्हणतात तिची मर्यादाच २५० न्यूटन मीटर आहे, आणि ती ज्या १.५ टीएसआय टर्बो पेट्रोलला लावलेली असते ते इंजिन स्टॉकलाच २५० देतं. आता त्याच गाडीला कुणी तीनशेच्या वरची फाईल देत असेल तर तो टॉर्क जाणार कुठून, त्या दोन क्लच प्लेटांतूनच. एक लिटर टीएसआय स्टॉकला १७८ न्यूटन मीटर, तिला टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, तिथे परिस्थिती जरा बरी. मॅन्युअल असेल तर जुनी क्लच प्लेट चौथ्या गिअरला चढावर सरकतेय का एवढं तरी आधी बघा. चांगला ट्यूनर स्वतःहून टॉर्क कमी ठेवतो आणि वरच्या आरपीएमला ताकद देतो, आकडा पोस्टरवर छोटा दिसतो पण गिअरबॉक्स वाचतो. मला असा ट्यूनर जास्त आवडतो.

डिझेलवाल्यांचं वेगळं दुखणं. बाजारात एक डबी मिळते, कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या पाइपच्या प्रेशर सेन्सरच्या मध्ये लावायची, ती ईसीयूला दाब आहे त्यापेक्षा कमी सांगते, मग ईसीयू दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, पिकअप वाढतो. दिसायला सोपं. पण खरा दाब किती झाला हे आता ईसीयूलाही माहीत नाही. फियाटच्या जुन्या १.३ मल्टिजेट डिझेलचाही रेल प्रेशर हजार बारच्या बराच वर जातो, त्याच्यावर आंधळेपणाने अजून चढवायचं आणि नोझल लवकर गेली की पंपवाल्याला दोष द्यायचा. नोझलची टोकं मी आयुष्यभर मायक्रोस्कोपखाली बघत आलोय, त्या भोकांची मापं मायक्रॉनमध्ये असतात, तिथे अंदाजाने काम करू नये.

त्याहून वाईट म्हणजे डीपीएफ काढणं आणि ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा, बंद करणं. बीएस६ डिझेलमध्ये, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ. शहरात छोट्या फेऱ्या मारल्या की तो भरतो, लाइट लागते, आणि मग काही जण तो आतून पोकळ करून सॉफ्टवेअरमधून त्याची चौकशीच बंद करतात, आणि याला ट्यूनच म्हणतात. हे मी माझ्या गॅरेजमध्ये करत नाही आणि कुणीही करू नये. पीयूसीला गाडी उभ्याने फक्त रेस देऊन धूर बघतात, त्यामुळे तिथे कदाचित पकडली जाणार नाही, पण द्वारकेच्या सिग्नलला त्या गाडीच्या मागे स्कूटरवर उभ्या असलेल्या बाईच्या आणि तिच्या पुढे बसलेल्या पोराच्या नाकात ती सगळी काजळी जाते. फिल्टर भरत असेल तर महिन्यातून दोनदा गाडी समृद्धीला किंवा मुंबई हायवेला अर्धा तास एका स्पीडने चालवा, फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्याची रचनाच तशी आहे. पेट्रोलमध्ये स्टेज टू म्हणून धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून डाउनपाइप लावतात तेही याच्यातच धरा.

आता कायद्याकडे येतो, कारण बातमी तिथून सुरू झाली होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं, त्यात असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि नव्या आरसी कार्डावर बघा, सीसीच्या शेजारी हॉर्सपॉवरही छापलेली असते. म्हणजे ताकद वाढवली की आरसीवरचा आकडा खोटा ठरतो, आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हाच प्रश्न विचारणार की बदल केला होता तर आम्हाला कळवला का नाही. ट्यून विकणारे हे सांगत नाहीत. उलट म्हणतात, कुणाला कळत नाही. कळतं. ईसीयूमध्ये किती वेळा सॉफ्टवेअर लिहिलं गेलं याचा हिशेब बऱ्याच गाड्यांत राहतो, आणि सॉफ्टवेअर मूळचं आहे का हे तपासायचा एक नंबर असतो तो जुळत नाही. स्टॉक फाईल परत टाकली तरी काही गाड्यांत खूण राहते. वॉरंटीत असलेली गाडी ट्यून करताना हे डोळे उघडे ठेवून ठरवा.

पण इथेच माझी पेठ रोडच्या आरटीओ ऑफिसला आणि त्यांच्या वरच्या लोकांना विनंती आहे. सीएनजी किटसाठी आपल्याकडे मार्ग आहे ना, मान्यता असलेलं किट, मान्यता असलेलं सेंटर, तपासणी, आरसीवर नोंद. सीएनजी किटही गाडीच्या मूळ रचनेत बदलच करतं, तरी मोजून-मापून करता येतं म्हणून मार्ग काढला. मग रिमॅपसाठी का नको? डायनोवर ताकद मोजा, लोडवर धूर मोजा, डीपीएफ-कॅट जागेवर आहेत का बघा, गिअरबॉक्सच्या मर्यादेच्या आत आहे का बघा, ब्रेक-टायरची अट घाला, फी घ्या, आरसीवर नवीन आकडा टाका, इन्शुरन्सला कळवणं सक्तीचं करा. जो हे पास होणार नाही त्याच्यावर खुशाल कारवाई करा. आत्ता काय होतंय, नीट मोजून काम करणारा आणि पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन फिरणारा दोघेही सारखेच बेकायदेशीर, मग ग्राहक स्वस्तातला निवडतो. ज्या शहरात थार बनते, बॉशचे इंजेक्टर आणि नोझल बनतात, गाड्यांची रॅली ऑफ महाराष्ट्र भरलेली आहे, तिथे हे काम समजणारी माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही, आयटीआयला आणि इंजिनिअरिंग कॉलेजांना सोबत घेतलं तर डायनोवर तपासणीचं एक केंद्र नाशकात उभं राहू शकतं.

आणि तुम्हाला विनंती की पुढची बातमी करताना एखाद्या आरटीओ अधिकाऱ्याला हा प्रश्न थेट विचारा आणि उत्तर छापा.

ज्यांनी आधीच मॅप मारून घेतलाय त्यांच्यासाठी शेवटी. तुमची मूळ स्टॉक फाईल ट्यूनरकडून आजच मागून घ्या आणि पेनड्राइव्हवर ठेवा, तुमचा हक्क आहे तो. प्लग काढून बघा. इंटरकूलरच्या सगळ्या होज आणि क्लिपा हात लावून तपासा, शक्य असेल तर स्मोक टेस्ट करा. मग लॉग काढा, आणि उन्हाळ्यात कसारा किंवा सापुताऱ्याच्या घाटात भरलेल्या गाडीने जायचं असेल तर त्याआधी पुन्हा एकदा काढा. लॉग वाचता येत नसेल तर जवळच्या जाणत्या मेकॅनिककडे न्या, अंबड लिंक रोडला माझ्याकडे आणलात तरी बसून वाचून देईन, त्याचे पैसे मी घेत नाही.

आपला नियमित वाचक,
एक गॅरेजवाला,
अंबड लिंक रोड, नाशिक